दोड्डप्पाच्या फोटोंचा पाहुणचार

पुण्याच्या मॅडमनी फोनवर अगदी स्वच्छ सांगितलं होतं, "काही करू नका. आहे तसंच राहू द्या." आणि ईरप्पा कलशेट्टीनं तितक्याच स्वच्छपणे "हो हो" म्हटलं होतं. मग फोन खिशात टाकून तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दानम्मा, रविवारी पुण्याचे पाहुणे येणारेत. काही करू नका म्हणाले."

"असं म्हणाले?" दानम्मानं हातातली पळी खाली ठेवली. "मग लई काय काय करावं लागणार की."

यात दानम्माला कोणी नावं ठेवू नयेत. 'काही करू नका हं, आम्ही जेवूनच निघतोय' असं पाहुणा म्हणाला, की सोलापुरात शेंगदाणे भाजायला घेतात. शेंगाच्या पोळ्या, चटणी, कडक भाकरी, आमटी, सगळं मांडून वर 'काहीच केलं नाही बघा' असं म्हणायचं असतं. जो पाहुणा काहीच बोलत नाही त्याला एक वेळ चहावर भागवता येतं. पण जो 'काही करू नका' म्हणाला, त्याच्यासाठी काही केलं नाही तर चार घरांत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आता हे पाहुणे जेवायला येत नव्हते, फोटो बघायला येत होते, हा एवढा फरक होता. तो दोघांच्याही लक्षात आला नाही.

फोटो होते दोड्डप्पाचे. दोड्डप्पा म्हणजे ईरप्पाचे मोठे चुलते, बसलिंगप्पा. घरात कानडी रिवाजानं सगळे त्यांना दोड्डप्पाच म्हणत. ते सिनेमाचे कॅमेरामन होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कोल्हापूरला आणि मद्रासला दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडण्यात घालवली. त्यांचं नाव पडद्यावर यायचं तेव्हा थिएटरात लोक अजून आपली खुर्ची शोधत असायचे, त्यामुळे ते कोणी वाचलेलं नव्हतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी पुतण्याकडे आले ते एक लोखंडी ट्रंक घेऊन. तिच्यात शूटिंगचे फोटो होते, निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या, आणि मधल्या वेळात त्यांनी आपल्या हौसेनं काढलेले घरगुती फोटोही होते. हिरॉईन केस वाळवत बसली आहे, खलनायक पोहे खातो आहे, लाइटवाले पंगतीला बसले आहेत, असे.

गेल्या वर्षी दोड्डप्पा गेले. जाण्याआधी ईरप्पाचा हात धरून त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "ईरू, फोटो तेवढे सांभाळ."

ईरप्पानं हमसून रडत शब्द दिला. आणि ईरप्पा शब्द पाळणारा माणूस. (सगळा घोटाळा तिथंच झाला. शब्द मोडणारा असता तर ते फोटो आजही ट्रंकेत सुखानं पडून असते.)

जुन्या सिनेमाच्या वस्तू जपून ठेवणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेत सोनाली मॅडम कामाला होत्या. फोटो बऱ्या स्थितीत असले तर दोड्डप्पांच्या नावाचं एक कपाट करू, असं त्या म्हणाल्या होत्या. थंड खोलीत, बाहेर नावाची पाटी. सोलापूरच्या मे महिन्यात ज्याला स्वतःला थंड खोली मिळत नाही, त्या ईरप्पाला हे ऐकून भरून आलं. दोड्डप्पाचं नाव अखेर कोणीतरी वाचणार होतं.

संध्याकाळी दोघांनी ट्रंक उघडली आणि दोघेही मागे सरकले.

"अय्यो! कसला वास हा?" दानम्मानं पदर नाकाला लावला. "लोणचं बिघडल्यागत येतोय."

वास निगेटिव्हच्या पट्ट्यांना येत होता. आंबट, नाकात जाणारा.

"जुनं झालं की येतो वास," ईरप्पा म्हणाला. (त्याला माहीत नव्हतं, पण घरात कोणीतरी माहीत असल्यासारखं बोलावं लागतं.)

"पाहुण्यांपुढं असं वासाचं सामान ठेवायचं? काय म्हणतील ते? ऊन दाखवते उद्या."

दानम्माचा उन्हावर फार विश्वास. गादीला ढेकूण झाले, ऊन दाखव. डाळीत किडा झाला, ऊन दाखव. ईरप्पाच्या स्वभावाला ऊन दाखवता आलं असतं तर तिनं तेही केलं असतं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर तिनं जुनं लुगडं अंथरलं. एका बाजूला कुरडया, एका बाजूला सांडगे आणि मधे दोड्डप्पाचा अख्खा सिनेमा, असं वाळवण घातलं. कावळे येऊ नयेत म्हणून काळी छत्रीही उघडून ठेवली.

दुपारी खाली आणलं तेव्हा वास गेला नव्हता, पण पट्ट्या गेल्या होत्या. म्हणजे होत्या, पण अंग आखडून, वळ्या पडून, एकमेकींना घट्ट मिठी मारून बसल्या होत्या. दानम्मानं हलक्या हातानं सोडवायला घेतल्या, तर पापुद्रा सुटावा तसा काळा थर बोटाला आला. (एक पट्टी कुरडयांच्या डब्यात गेली ती दिवाळीत सापडली, तळायच्या जरा आधी.)

"वाळल्या छान," ती म्हणाली. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"असू दे. छापलेले फोटो आहेत की," ईरप्पानं धीर दिला. "निगेटिव्ह कोण बघतंय?"

मग छापलेले फोटो पुसायला घेतले. इथं एक वेगळीच अडचण आली. कलशेट्टींच्या घरात गेलेल्या माणसाचा फोटो कोरड्या कपाळानं ठेवत नाहीत. भिंतीवरच्या आजोबांना, आजीला, दोड्डप्पांना, सगळ्यांना सोमवारी विभूती लागते. आणि ट्रंकेतले लोक तर इतकी वर्षं अंधारात, कोरड्या कपाळानं पडलेले. दानम्माच्या जिवाला ते बघवेना. तिनं वाटीत विभूती कालवली, मोठ्या कपाळांसाठी बोट आणि बारीक कपाळांसाठी उदबत्तीची काडी घेतली, आणि एकेक फोटो उचलून विचारू लागली. सिनेमातलं ईरप्पाला कळतं असा तिचा समज होता, आणि तो समज ईरप्पानं लग्नापासून फार कष्टानं जपलेला होता.

"हे आहेत का गेले?"

"गेले."

"ह्या?"

"हेमलेखा? ह्या तर कधीच गेल्या."

"हा मिशीवाला?"

ईरप्पानं चष्मा वर केला. "एवढी मिशी ठेवणारा आता कोण राहिलाय? गेला."

"अहो, नीट बघून सांगा की. जित्या माणसाला लागलं तर पाप माझ्या माथी."

"अगं, काळा-पांढरा फोटो हाय ना? मग काय राहिलंय त्यात? त्या काळचे सगळे गेले."

"तुमचा शाळेतला फोटो पण काळा-पांढराच हाय की."

"माझी गोष्ट वेगळी."

दानम्मानं पुढचा फोटो धरला. "घोडा?"

"घोडा तर गेलाच असणार."

घोड्याला विभूती लागली.

"आणि ही बाजाराची गर्दी? एवढी माणसं?"

ईरप्पानं विचार केला. तो न्यायी माणूस होता. "सगळे कसे जातील? पुढच्या ओळीला लाव."

असं करता करता अंधार पडायच्या आत ट्रंकेतले बहुतेक सगळे मार्गी लागले. फोटो ओळीनं मांडल्यावर खोलीला एखाद्या मठाची कळा आली. दानम्मानं हात जोडले. ईरप्पानंही जोडले. आणि हात जोडलेले असतानाच त्याच्या मनात आलं, की ही विभूती वाळली की झडणार. मॅडम येईपर्यंत काय राहणार? आणि नुसती विभूतीच का, हे फोटोही किती दिवस राहणार? सांभाळ म्हणाले होते दोड्डप्पा.

आता सांभाळणं म्हणजे काय, याबद्दल ईरप्पाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तो पतसंस्थेत कारकून होता, आणि कागद वाचवायचा एकच उपाय जगात आहे हे त्याला नोकरीनं शिकवलं होतं. लॅमिनेशन! त्याच्या घरात रेशनकार्ड लॅमिनेट केलेलं होतं, मुलीच्या गुणपत्रिका होत्या, स्वतःची लग्नपत्रिका होती. एकदा त्यानं हौसेनं लाइटबिलही लॅमिनेट करून आणलं होतं आणि भरायला गेला तेव्हा त्यावर शिक्का बसेना, म्हणून खिडकीतल्या माणसाशी भांडण झालं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो दोड्डप्पाचं अख्खं आयुष्य दोन पिशव्यांत घालून सात रस्ता चौकात जोतिरामच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला.

जोतिरामनं वरचा फोटो हातात घेतला, उलटापालटा केला. "साहेब, हे जुनं काम दिसतंय. मशीन गरम असतंय. फुगलं-बिगलं तर मला बोलायचं न्हाई."

"जोतिराम, तू माझी लग्नपत्रिका केलीस. काय झालं तिला?"

"काय न्हाई झालं."

"तेवीस वर्षं—" असं म्हणून ईरप्पा थांबला, कारण लग्नाला नक्की किती वर्षं झाली याबद्दल त्याचं आणि दानम्माचं नेहमी वाजायचं. "जशीच्या तशी हाय पत्रिका. टाक मशीनमध्ये."

"आणि कपाळाला हे पांढरं लागलंय ते पुसू का?"

"हात लावू नको! मुद्दाम लावलंय."

जोतिरामनं खांदे उडवले आणि मशीन सुरू केलं. एका बाजूनं दोड्डप्पाची माणसं आत जात होती, दुसऱ्या बाजूनं कडक, चकचकीत, कायमची होऊन बाहेर येत होती. काहींचं थोडंफार इकडेतिकडे झालं. एका राजाची मिशी वितळून गालावर गेली. एका नर्तकीच्या एकाच हाताला दोन कोपरं झाली. खलनायकाच्या तोंडावर असा फुगा आला, की तो आधीपेक्षा प्रेमळ दिसू लागला. पण विभूती मात्र सगळ्यांची जागच्या जागी राहिली. ईरप्पानं एक फोटो दुकानाबाहेर उन्हात धरला. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. दोड्डप्पाला कळलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं, असं त्याला वाटलं. (यात मात्र तो चुकला नव्हता.)

रविवारी दारात रिक्षा थांबली. सोनाली मॅडम उतरल्या आणि त्यांच्या हाताचा आधार घेत एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. पांढरी सुती साडी, केसांचा छोटासा अंबाडा, आणि मान अशी ताठ, की समोर कोणीतरी दिवा लावून उभं असावं.

"या पण आल्यात बरं का," मॅडम म्हणाल्या. "त्यांना एक फोटो बघायचाय. तुम्ही काही केलं नाहीत ना?"

"छे छे. काहीच केलं नाही," ईरप्पा तोंडभर हसून म्हणाला. आतून शेंगाच्या पोळ्यांचा वास येत होता.

दानम्मानं पाणी दिलं, गूळ-शेंगा दिल्या. बाई दिवाणावरच्या चादरीवरून हात फिरवत हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडे माझ्या आईचा एकही फोटो नाही. घरात पुराचं पाणी शिरलं, सगळं गेलं. तिचं तोंड आता मला नीटसं आठवत पण नाही. बसलिंगप्पांनी एकदा आम्हा दोघींचा काढला होता, मेकअपच्या खोलीबाहेर. तो असेल का हो?"

"असेल म्हणजे? आपल्याकडं सगळं हाय. लई जपून ठेवलंय." ईरप्पा आत गेला आणि दोन्ही हातांवर गठ्ठा घेऊन आला. गठ्ठा खिडकीच्या उजेडात असा चमकला की मॅडमनी डोळे बारीक केले.

त्यांनी वरचा फोटो उचलला. वाकवून पाहिला. नखानं कड खरवडून पाहिली. मग दुसरा उचलला.

"हे... काय आहे?"

"लॅमिनेशन. दोन्ही बाजूंनी."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. एक सोडला नाही."

"हे आता निघत नाही, कलशेट्टी."

"निघणारच नाही!" ईरप्पा अभिमानानं म्हणाला. "खात्रीचं दुकान हाय."

मॅडमनी गठ्ठा भराभर चाळला. मग त्यांनी घोड्याचा फोटो वर धरला. "आणि ही कपाळावर बुरशी?"

"बुरशी कसली मॅडम, विभूती हाय. गेलेल्या माणसांना लावतो आम्ही." मग घोड्याकडे बघून त्यानं जरा दुरुस्ती केली. "गेलेल्यांना."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक शेवटची आशा होती. "निगेटिव्ह आहेत ना? निगेटिव्ह असतील तर सगळे फोटो पुन्हा नवे छापता येतील. निगेटिव्ह म्हणजेच सगळं, हे छापलेले नसले तरी चालतील."

ईरप्पानं दानम्माकडे पाहिलं. दानम्मानं जमिनीकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. मॅडमनी झाकण उघडलं.

"ऊन दाखवलं होतं," दानम्मा पुटपुटली. "वास येत होता, म्हणून."

मॅडम खुर्चीत बसल्या. खरं म्हणजे पडल्याच. "मी म्हटलं होतं, काही करू नका."

"तसं सगळेच म्हणतात की हो," दानम्मा रडवेली होऊन म्हणाली.

मॅडम समजावून सांगत होत्या, त्या फोटोंवरचा थर कसा असतो, उष्णतेनं त्याचं काय होतं, पण ईरप्पाच्या कानात एकच वाक्य फिरत होतं, फोटो तेवढे सांभाळ. तेवढे. दुसरं काही मागितलं नव्हतं दोड्डप्पानं, औषधसुद्धा कधी मागितलं नाही. कुठल्याही चोरानं, वाळवीनं, पुरानं जे केलं नसतं, ते त्यानं अर्धी रजा टाकून केलं होतं.

"माझा फोटो?" दिवाणावरून बाई म्हणाल्या.

तो गठ्ठा चाळू लागला. काहीतरी एक तरी करावं. "मेकअपच्या खोलीबाहेर म्हणालात ना... दोन बायका... बाई, तुमचं नाव काय म्हणालात?"

"हेमलेखा."

ईरप्पाचा हात गठ्ठ्यावरच थांबला. आणि जे कोणीही बोलू नये ते दानम्मा दारातून बोलली.

"अय्यो! अहो, ह्या कधीच गेल्या म्हणाला होता की तुम्ही!"

फोटो ईरप्पाच्या हातातच होता. लपवायला जागा नव्हती. त्यानं तो मान खाली घालून पुढे केला. एका बाजेवर दोघी बसलेल्या. तरणी मुलगी हसते आहे, आई तिच्या वेणीला गाठ मारते आहे. दोघींच्या कपाळावर तीन तीन पांढऱ्या रेघा. आणि त्यांच्या पायांशी, मातीवर, फोटो काढणाऱ्या माणसाची लांब सावली.

हेमलेखाबाईंनी फोटो मांडीवर ठेवला. पदराच्या टोकानं फोटोतल्या आपल्या कपाळावरून पुसून पाहिलं. विभूती प्लास्टिकच्या आत होती, ती कशी पुसणार? मग त्यांनी बोट आईच्या तोंडावर ठेवलं आणि तिथंच राहू दिलं.

"आईला लावलंत ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझी जरा घाई केलीत." आणि मग सावलीवर बोट ठेवून, "हे बसलिंगप्पा. नेहमी असेच. फोटोत कधी यायचेच नाहीत."

ईरप्पाला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या जेवल्या, शेंगाची पोळी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि तो फोटो पदराखाली धरून घेऊन गेल्या. मॅडम काही न जेवता, काही न नेता गेल्या. दोड्डप्पाच्या नावाचं कपाट, थंड खोली, पाटी, सगळं त्या रिक्षातून परत गेलं.

ईरप्पा जेवायला उठेना.

"असं काय करताय?" दानम्मानं ताट पुढे सरकवलं. "पाण्यात पडले तरी भिजणार नाहीत आता. तेवढं तरी झालंय की."

भिंतीवरच्या दोड्डप्पांकडे बघायची ईरप्पाची हिंमत होईना. पुढचे कितीतरी दिवस तो त्या भिंतीकडे पाठ करून जेवला. कचेरीत कोणी कसलाही कागद लॅमिनेट करू का म्हणून विचारलं, की तो उठून पाणी प्यायला जायचा.

आणि मग पावसाळा सरता सरता मॅडमचा फोन आला. "कलशेट्टी, ते फोटो आहेत ना अजून? सगळे पाठवून द्या. आणि तो निगेटिव्हचा डबाही. आमच्या वरिष्ठांना सांगितलं, ते म्हणाले असा संग्रह दुसरीकडं कुठंच मिळणार नाही. हात मात्र लावू नका."

ईरप्पानं या खेपेला खरोखरच हात लावला नाही. शेजाऱ्याकडून खोक्यात भरून घेतले. कचेरीत पेढे वाटले. "चुलत्यांचा संग्रह पुण्याला घेतला, स्वतःहून मागून घेतला," असं शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगितलं. त्या सोमवारी त्यानं भिंतीवरच्या दोड्डप्पांना स्वतःच्या हातानं विभूती लावली आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्याकडे तोंड करून जेवला.

थोड्या दिवसांनी संस्थेनं त्याला बोलावणंही धाडलं. दोघं नवे कपडे घालून सकाळच्या एसटीनं पुण्याला गेले. मॅडमनी त्यांना एका मोठ्या खोलीत नेलं. खोली खरंच थंड होती. एका लांब टेबलावर दोड्डप्पाचे सगळे फोटो ओळीनं मांडलेले होते, राजा, नर्तकी, घोडा, बाजारातली पुढची ओळ. भोवती बरीच शिकणारी मुलं-मुली पांढरे हातमोजे घालून उभी होती, आणि भिंतीवर खरंच पाटी होती. बसलिंगप्पा कलशेट्टी हे नाव पाटीवर होतं. खाली ईरप्पा कलशेट्टी हेही होतं. ईरप्पाचा ऊर भरून आला. त्यानं चष्मा पुसला आणि मधली ओळ वाचली: 'जुन्या छायाचित्रांचं काय करू नये.'

"मुलांनो," मॅडम म्हणाल्या, "आपण महिनाभर ज्यांच्या कामाचा अभ्यास करतोय, ते हेच."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या मनानं वाजवल्या. मागच्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, एक शंका होती. विभूती लॅमिनेशनच्या आधी लावली, की नंतर?"

ईरप्पानं दानम्माकडे पाहिलं. दानम्मा छताकडे बघत होती.

"आधी," तो म्हणाला.

आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं.